अंजनगाव सुर्जीत बसून गिटारचा पेडल सेटअप कसा बनवायचा? निम्मं सामान भजनाच्या माईकवाल्याकडेच आहे

अंजनगाव सुर्जी म्हटलं की इतिहासवाल्यांना १८०३ चा तह आठवतो. ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे आणि इंग्रजांनी इथंच सह्या केल्या होत्या. शेतीवाल्यांना पानमळे आणि पानपिंपळी आठवते, जुन्या लोकांना शकुंतला रेल्वे. गिटार मात्र कुणालाच आठवत नाही.

पण पोरांच्या हातात गिटार आहे. ऑनलाइन मागवलेली, चार-पाच हजारांची, काळी नाहीतर सनबर्स्ट रंगाची. महिनाभर चार कॉर्ड जमवले की पोरगं रील्स बघायला लागतं आणि तिथं त्याला पायाखाली मांडलेले रंगीत डबे दिसतात. पायानं एक दाबला की गिटार गुरगुरते, दुसरा दाबला की डोंगरात आवाज घुमल्यासारखा वाटतो. हे डबे म्हणजे इफेक्ट पेडल्स. मग किंमत शोधली जाते. नाव असलेल्या कंपनीचं एक साधं डिस्टॉर्शन पेडल चार-पाच हजारांच्या खाली क्वचित मिळतं. म्हणजे गिटारएवढेच पैसे एका डब्याला, आणि असे डबे लागतात तीन-चार. विषय तिथंच संपतो.

खरं तर तो तिथं संपायला नको. त्या डब्याच्या आत जे असतं त्याची किंमत बऱ्याचदा दोनशे रुपयांच्याही आत असते आणि ते मिळायला मुंबईलाच जावं लागतं असंही नाही.

आधी हे समजून घेऊ की पेडल नेमकं करतं काय.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की त्या वेढ्यांमध्ये छोटासा विद्युत सिग्नल तयार होतो, साधारण एका व्होल्टच्या दशांश भागाच्या आसपास. हा सिग्नल केबलमधून ॲम्प्लिफायरला जातो. पेडल या वाटेत मध्येच बसतं आणि सिग्नलला वाकवतं. डिस्टॉर्शन किंवा फझ पेडल सिग्नल खूप मोठा करतं आणि त्याची वरची-खालची टोकं कापून टाकतं. कापलेला सिग्नल आपल्या कानाला खरखरीत, दमदार लागतो. डिले पेडल सिग्नल थोडा वेळ साठवून पुन्हा सोडतं. बाकीचे बरेचसे प्रकार या दोघांचेच चुलतभाऊ.

गंमत म्हणजे हा खरखरीत आवाज कुणी ठरवून शोधलेला नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग सुरू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटका यायला लागला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं. मग ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग इंजिनिअरनं तो बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावानं बाजारात आलं आणि जगातल्या पहिल्या फझ पेडल्समध्ये त्याची गणना होते. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजलं आणि मग दुकानात उरलं नाही. त्याच काळात, १९६४ मध्ये, लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसनं तर पेडलची वाटच बघितली नाही. त्यानं आपल्या स्वस्तातल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं फाडला आणि ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं.

१९६६ मध्ये आलेलं ‘फझ फेस’ हे जिमी हेंड्रिक्समुळे अजरामर झालेलं पेडल. त्याच्या आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर आणि दोन व्हॉल्यूम कंट्रोल. एकूण अकरा वस्तू, बस.

४५५८ आणि २३९९

आता मुद्द्याची गोष्ट. तालुक्याच्या कुठल्याही गावात एक माणूस असतो जो लग्नातल्या साउंड सर्व्हिसचे, देवळातल्या भजनी मंडळाचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात बास-ट्रेबलचे छोटे तयार बोर्ड टांगलेले असतात. त्यावर आठ पायांची एक काळी चिप असते, नंबर ४५५८. किंमत पाच-दहा रुपये.

आयबानेझ कंपनीचं ‘ट्यूब स्क्रीमर’ हे १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेलं पेडल आहे. हिरव्या रंगाचं, स्टीव्ही रे वॉनच्या पायाखालचं, जगात सर्वात जास्त नक्कल झालेल्या पेडल्सपैकी एक. त्याच्या पोटात हीच ४५५८ असते. जपानी जेआरसी कंपनीची जुनी ४५५८ मिळावी म्हणून परदेशातले गिटारवाले चांगले पैसे मोजतात. इकडं तीच जात हरिपाठाच्या माईकचा ट्रेबल सांभाळत बसलेली असते.

दुसरी चिप पीटी२३९९. भजनाच्या ॲम्पवर ‘इको’ असं लिहिलेलं बटण असतं ना, जे फिरवलं की बुवांचा आवाज गुहेतून आल्यासारखा होतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच चिप असते. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीनं ती कराओके मशीनसारख्या स्वस्त उपकरणांसाठी बनवली. पुढं घरगुती पेडल बनवणाऱ्यांना तिचा शोध लागला आणि आज जगभरातली कित्येक छोटी डिले पेडल्स याच चिपवर चालतात. सेकंदाच्या साधारण एक तृतीयांश वेळेपर्यंत ती आवाज स्वच्छ साठवते. त्यापुढं ताणलं तर चालते, पण आवाजात वाळू मिसळल्यासारखी होते. काही लोकांना तेच आवडतं.

आपल्याकडे तारवाद्याला इफेक्ट लावणं तसंही नवं नाही. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्या ऐका. त्यातला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, जपानच्या ‘ताइशोगोतो’ या १९१२ च्या वाद्याचा वंशज. त्याला पिकअप लावून, ॲम्पमधून इको देऊन पन्नास ढोलांच्या वर वाजवला जातो. पेडल हा शब्द न वापरता महाराष्ट्रानं हे काम कधीच करून ठेवलंय.

पहिलं पेडल: नऊ वस्तूंचं

सुरुवात ट्यूब स्क्रीमरपासून करू नका. पहिल्यांदा सोल्डरिंग करणाऱ्यानं एका ट्रान्झिस्टरचं डिस्टॉर्शन बनवावं. त्याला लागतं काय? बीसी५४७ ट्रान्झिस्टर एक. रेझिस्टर तीन: २.२ मेगाओहम, १० किलोओहम आणि १०० ओहम. ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर दोन, दुकानात ‘१०४’ म्हणून मागायचे. १एन४१४८ डायोड दोन. आणि १०० किलोओहमचा एक व्हॉल्यूम कंट्रोल. याशिवाय दोन मोठे जॅक, नऊ व्होल्टची बॅटरी, तिची टोपी आणि भोकंभोकं असलेला झिरो पीसीबी. सगळं मिळून दीडशे-दोनशे रुपयांत बसतं. सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर आणि साधा मल्टिमीटर यांचे पाच-सहाशे वेगळे धरा, पण तो खर्च एकदाच. मल्टिमीटर टाळू नका. त्याच्याशिवाय बिघाड शोधणं म्हणजे अंधारात सुई.

जोडणी शब्दांत सांगता येण्याएवढी सोपी आहे. गिटारकडून आलेली तार पहिल्या कॅपॅसिटरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला जाते. कलेक्टर १० किलोओहममधून बॅटरीच्या प्लसला. एमिटर १०० ओहममधून मायनसला, म्हणजेच ग्राउंडला. २.२ मेगाओहमचा रेझिस्टर कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये. कलेक्टरवरून दुसरा कॅपॅसिटर निघतो आणि त्याच्या पलीकडच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत दोन्ही डायोड, एकाचं तोंड वर आणि एकाचं खाली. त्याच टोकाला व्हॉल्यूम कंट्रोलचा एक बाजूचा पाय, दुसऱ्या बाजूचा पाय ग्राउंडला आणि मधल्या पायावरून आवाज बाहेर. ट्रान्झिस्टर सिग्नल कित्येक पट मोठा करतो आणि डायोड त्याची टोकं साधारण अर्ध्या व्होल्टवर छाटतात. झालं डिस्टॉर्शन.

हमखास चूक ट्रान्झिस्टरच्या पायात होते. बीसी५४७ चा सपाट चेहरा तुमच्याकडे आणि पाय खाली ठेवले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. इंग्रजी व्हिडिओंमध्ये बहुतेकदा २एन३९०४ असतो आणि त्याचा क्रम बरोबर उलटा आहे. व्हिडिओ बघून जोडलं आणि आवाजच आला नाही, तर आधी इथं बघा.

सोल्डरिंग झाल्यावर गिटार लावण्याआधी मल्टिमीटरचा काळा पिन ग्राउंडला आणि लाल पिन कलेक्टरला लावा. चार ते पाच व्होल्टच्या आसपास आकडा आला तर सर्किट जिवंत आहे. पूर्ण नऊ दिसले तर ट्रान्झिस्टरला करंटच मिळत नाही, म्हणजे बहुधा २.२ मेगाओहमचा टाका सुटलाय किंवा पाय चुकलेत. शून्याच्या जवळ असेल तर कुठंतरी दोन टाके एकमेकांना चिकटलेत.

आवाज आला की मग खरी मजा. डायोड काढून त्या जागी दोन लाल एलईडी लावून बघा. आवाज मोठा आणि मोकळा होतो, कारण एलईडी उशिरा, दीड-पावणेदोन व्होल्टला छाटतात. एक डायोड आणि एक एलईडी असंही करता येतं. कंपन्या याच बदलाला ‘मॉडिफाइड व्हर्जन’ म्हणून वेगळी किंमत लावतात.

अकूस्टिक गिटार असलेल्यांनी मात्र थोडं थांबावं. वीस रुपयांची पिझो चकती गिटारच्या पोटाला चिकटवून पिकअप बनवता येतो, पण ती या सर्किटला थेट जोडली तर आवाज डब्यात खडे वाजवल्यासारखा येतो. पिझोला पुढच्या सर्किटचं इनपुट मेगाओहममध्ये लागतं आणि या एका ट्रान्झिस्टरचं काही किलोओहमच असतं. मध्ये एक बफर लावावा लागतो. आणि तसंही अकूस्टिकला डिस्टॉर्शनपेक्षा इकोच जास्त शोभतो.

डबा, जॅक आणि बॅटरीची युक्ती

डबा धातूचाच हवा. प्लॅस्टिकचा जेवणाचा डबा दिसतो छान, पण तो बाहेरची घरघर अडवत नाही. पेडलसाठी मिळणारा ॲल्युमिनियमचा ओतीव डबा तीन-चारशेला पडतो आणि अख्ख्या पेडलमध्ये तोच सगळ्यात महाग. ॲल्युमिनियमचा जुना टिफिन चालतो, ड्रिलनं भोकं सहज पडतात. स्टीलचा घेतलात तर ड्रिलच्या पानाची माती होईल. इलेक्ट्रिकच्या दुकानात भिंतीत बसवायचा लोखंडी मॉड्युलर बॉक्स मिळतो, तोही कामाचा आहे. तोंड उघडं असतं, तेवढं पत्र्यानं झाकावं लागतं. ॲल्युमिनियमला सोल्डर चिकटत नाही म्हणून ग्राउंड द्यायला धडपडू नका. जॅकचा नट घट्ट आवळला की डबा आपोआप ग्राउंड होतो.

गिटारच्या मोठ्या जॅकला आपल्याकडच्या दुकानात ‘पी-३८’ म्हणूनही मागतात. बाहेर जाणारा मोनो घ्या, आत येणारा मात्र स्टीरिओ. कारण बॅटरीचा मायनस स्टीरिओ जॅकच्या मधल्या कडीला जोडायचा असतो. गिटारची मोनो पिन आत गेली की ती कडी ग्राउंडला टेकते आणि पेडल चालू होतं. पिन काढली की बंद. वेगळ्या स्विचची गरजच नाही. हे सर्किट अर्धा मिलिॲम्पिअरच खातं, त्यामुळे साधी लाल बॅटरीसुद्धा कित्येक आठवडे टिकते. फक्त वाजवून झाल्यावर पिन काढायची सवय लागली पाहिजे.

पायानं दाबायचा नऊ पायांचा फूटस्विच शे-दोनशेला मिळतो. तालुक्याला मिळणार नाही, कुरिअरनं मागवावा लागेल. तोपर्यंत साधा सहा पायांचा स्लाइड स्विच लावून हातानं बदला. घरात वाजवताना कुणाचं काही अडत नाही.

इकोचं पेडल सुट्या भागांपासून बनवण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. पीटी२३९९ चा तयार इको बोर्ड शंभर-दीडशेत मिळतो. घेताना त्याला किती व्होल्ट लागतात ते विचारा. चिप स्वतः पाचवर चालते, पण बोर्डावर रेग्युलेटर असेल तर बारा मागतो. चिपच्या सहाव्या पायापासून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टर वाढवला की इको लांबतो. तिथं एक व्हॉल्यूम कंट्रोल बसवला की झालं डिले पेडल.

राऊटरचं अडॅप्टर लावू नका

स्वस्तातला सेटअप सगळ्यात जास्त वेळा इथं जळतो. दोन-तीन पेडल्स झाली की बॅटऱ्या परवडत नाहीत. घरात जुन्या राऊटरचं किंवा सेटटॉप बॉक्सचं अडॅप्टर पडलेलं असतं. पिन बरोबर बसते. लावलं की फट्.

कारण दोन आहेत. राऊटरचं अडॅप्टर बहुतेक वेळा बारा व्होल्टचं असतं आणि त्याच्या पिनच्या आतल्या बाजूला प्लस असतो. गिटार पेडल्सची रीत नेमकी उलटी आहे: नऊ व्होल्ट, आत मायनस, बाहेर प्लस. ही रीत जपानी बॉस कंपनीच्या पेडल्समुळे रुळली आणि आता जवळपास सगळे पाळतात. अडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका आणि दोन्ही बाजूंना प्लस-मायनसचे गोल. प्लग लावण्याआधी ते चित्र बघायला पाच सेकंद लागतात. ॲम्पिअर जास्त असले तर चालतात, पेडल लागेल तेवढेच घेतं. व्होल्ट जास्त असले तर चालत नाहीत.

जुन्या पद्धतीचे जड ‘एलिमिनेटर’ही फसवे. वर नऊ लिहिलेलं असतं, पण मोजलं तर बारा-तेरा निघतात, शिवाय घरघर फुकट.

त्या राऊटरच्या अडॅप्टरचा उपयोग मात्र करता येतो. ७८०९ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर दहा-पंधरा रुपयांना मिळतो. बारा व्होल्ट आत, स्वच्छ नऊ बाहेर. नंबर लिहिलेली बाजू समोर धरली तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. दोन्ही बाजूंना एकेक कॅपॅसिटर लावून छोटा डबा करा आणि पुढच्या पिना आत मायनस येईल अशा जोडा. शिवाय प्रत्येक पेडलच्या प्लसच्या वाटेत एक १एन४००७ डायोड टाकून ठेवा. रुपया-दोन रुपयांचा आहे, पण कुणी पाहुणा उलटी पिन लावून गेला तरी पेडल वाचतं.

आधी कोण, नंतर कोण?

सोपं आहे. गिटार, मग डिस्टॉर्शन, मग डिले, मग ॲम्प. वाह पेडल असेल तर ते बहुतेक जण डिस्टॉर्शनच्या आधी लावतात, कोरस त्याच्या नंतर. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावलं तर सगळे इको एकत्र चिरडले जाऊन चिखल होतो. एकदा तसं करून बघायला हरकत नाही, पुन्हा करावंसं वाटत नाही. वर सांगितलेलं एका ट्रान्झिस्टरचं पेडल तर गिटारच्या लगेच पुढंच ठेवा, मध्ये दुसरं काही आलं की त्याचा स्वभाव बदलतो.

पाया म्हणून पलंग किंवा कपाटाचं उरलेलं प्लाय घ्या आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांनी पेडल्स चिकटवा. पेडल्समधल्या छोट्या केबल तयार घेतल्या तर महाग पडतात. माईकची शिल्डेड वायर मीटरवर घ्या, वीतभर तुकडे करा आणि दोन्हीकडे पिना सोल्डर करा. साधी दोन तारांची वायर इथं चालत नाही, ती अँटेनासारखी सगळी घरघर गोळा करते.

लावायचं कशाला?

गिटारचा ॲम्प नसेल तर घरातलं होम थिएटर चालतं, ऑक्सची वायर वापरून. ब्लूटूथनं नाही. ब्लूटूथमध्ये आवाज ऐकू येण्याइतका उशिरा पोचतो आणि तालात वाजवणं अशक्य होतं.

होम थिएटरवर किंवा साउंड सर्व्हिसच्या बॉक्सवर डिस्टॉर्शन लावलं की मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखं चरचरतं. हा पेडलचा दोष नाही. खऱ्या गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे आवाज देतच नाही. साउंडवाल्याच्या बॉक्समध्ये ट्विटर असतो आणि तो सगळं देतो. उपाय एका रुपयाचा आहे. पेडलमधल्या त्या दोन डायोडच्या शेजारी, समांतर, ‘३३२’ नंबरचा एक कॅपॅसिटर लावायचा. तरीही चरचर वाटली तर ‘४७२’. आवाज एकदम गोल होतो.

घरघर हा वेगळा विषय. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे घरघर ५० आणि १०० वर बसते. मोबाइलचा चार्जर, एलईडी बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर यांपासून गिटार लांब धरा, जागा बदलून बघा, फिरून बसा. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर घरघर वाढलेली जाणवेल. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्हऐवजी चौकोनी वेव्ह देतात, तिचे काठ थेट पिकअपमध्ये ऐकू येतात. अशा वेळी पेडल बॅटरीवर ठेवा. बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प असेल तर आणखी बरं. एलएम३८६ चिपचा अर्ध्या वॅटचा ॲम्प बोर्ड पन्नास-शंभर रुपयांत मिळतो आणि एका खोलीला पुरतो.

घरघर जीवघेणी नाही, अर्थिंग आहे

पेडल नऊ व्होल्टवर चालतं, त्यानं शॉक लागत नाही. धोका पुढं आहे.

गिटारच्या तारा केबलच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि ते ग्राउंड थेट ॲम्पच्या पत्र्याला. म्हणजे तुमची बोटं ॲम्पच्या बॉडीला चिकटलेली आहेत असंच समजा. जुन्या ॲम्पचं इन्सुलेशन खराब झालेलं असेल, त्याला दोनच पिनांचा प्लग असेल किंवा घरात अर्थिंगच नसेल, तर त्या तारांवर २३० व्होल्ट येऊ शकतात. नुसतं वाजवताना कदाचित काहीच जाणवणार नाही. पण त्याच वेळी ओठ दुसऱ्या ॲम्पला लावलेल्या माईकला लागले, की करंट हातातून छातीमार्गे जातो. ३ मे १९७२ ला ब्रिटनमधल्या स्वॉन्सी शहरात स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे असाच स्टेजवर गेला. अर्थिंग नसलेला माईक त्यानं हातात धरला होता.

आपल्याकडे गणपतीच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात गिटार एका ॲम्पला आणि माईक साउंडवाल्याच्या दुसऱ्या ॲम्पला, दोन वेगळ्या बोर्डांवरून, हे सर्रास घडतं. म्हणून काही गोष्टी पक्क्या ठेवा. तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थची पिन तोडायची नाही, घरघर कमी होते म्हणून तर अजिबातच नाही. गिटारचा ॲम्प आणि माईकचा ॲम्प एकाच अर्थ असलेल्या बोर्डावरून चालवा. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक पिन गिटारच्या तारेला आणि दुसरा माईकच्या जाळीला लावा. काही व्होल्टच्या वर आकडा आला तर गाणं थांबवा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवता आला तर तो अख्ख्या पेडलबोर्डापेक्षा महाग पडेल, पण आधी तो बसवा.

आणि हो, नऊ व्होल्टचा पुरवठा घरी बनवायचा म्हणून २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उघड्यावर जोडू नका. मेनच्या बाजूचं काम तयार, सीलबंद अडॅप्टरला करू द्या.

सोल्डरिंग जमतच नसेल तर

मग पैसे थोडे जास्त आणि त्रास कमी असे रस्ते आहेत. चिनी कंपन्यांची छोटी पेडल्स दोन-तीन हजारांपासून मिळतात. त्याहून शहाणपणाचा सौदा म्हणजे वापरलेलं मल्टि-इफेक्ट्स युनिट. एकाच डब्यात पन्नासेक आवाज, ट्यूनर आणि कधीकधी ड्रमचा तालही. नव्वदच्या दशकात झूम कंपनीच्या ५०५ नं भारतातल्या कॉलेज बँडवर राज्य केलं होतं, ते याच कारणानं. त्याची नवी भावंडं आजही मिळतात. मोबाइलला गिटार जोडणारा तीन-चारशेचा कनेक्टरही मिळतो, पण बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये तार छेडली आणि आवाज आला यात अंतर पडतं. घेण्याआधी कुणाच्या तरी फोनवर तपासा.

ज्यांना सोल्डरिंगची चटक लागेल त्यांच्यासाठी एक नाव: ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन. आदित्य नंदवाना यांची ही मुंबईची कंपनी हातानं पेडल्स बनवते. ‘बॅरन सामेदी’, ‘पिट व्हायपर’ अशी त्यांची नावं. ही पेडल्स परदेशातले गिटारवालेही विकत घेतात. त्यांच्यातही रेझिस्टर, डायोड आणि ट्रान्झिस्टरच असतात.

सामानाचं म्हणाल तर रेझिस्टर, कॅपॅसिटर, बीसी५४७, ४५५८ आणि पी-३८ जॅक ॲम्प दुरुस्तीच्या दुकानातच विचारा. नसेल तर अमरावती, अकोला. नागपूरला कुणी जाणार असेल तर सीताबर्डी, पुण्याला असेल तर तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड. यादी लिहून द्या आणि प्रत्येक वस्तू दोन-दोन मागवा. पहिला ट्रान्झिस्टर बहुतेक जण तापवून जाळतातच.